एका टचडाउनला एक पाई

हॉलम, आयोवा
रविवार, १५ सप्टेंबर १९७४

प्रिय सेल्मर,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि काल मैदानावर किंचाळून माझा घसा बसलाय, म्हणून हे पत्र.

हरलो. एक्केचाळीस–शून्य. थांब, लगेच हसू नकोस. कुणाच्या कृपेने हरलो ते आधी ऐक. ज्या प्रशिक्षकाला गावाने दहा वर्षं डोक्यावर घेऊन नाचवलं, तो मोठ्या कॉलेजात गेला हे तुला लिहिलं होतंच. एकटा गेला असता तर मी स्वतः केक करून बसस्टँडवर पोचवायला गेले असते. पण मेला जाताना चांगली चांगली पोरं उचलून घेऊन गेला! आपल्या सेंट हॅल्वर्ड कॉलेजच्या पैशावर, आपल्या बटाट्यांवर वाढवलेली पोरं. उरली कोण? गेल्या वर्षी बाकावर बसून शेंगदाणे खाणारी, आणि या वर्षी नवीन आलेली. सगळा संघ अठरा-एकोणीस वर्षांचा. अर्ध्यांना दाढी येत नाही. समोरच्या संघातले तर दोन-दोन लेकरांचे बाप शोभत होते.

नवा प्रशिक्षक वेंडेल प्रोहास्का म्हणून आहे. सीडर रॅपिड्सकडचा बोहेमियन, कॅथलिक, पण माणूस सरळ आहे. त्याच्याकडून गावाची अपेक्षा काय, तर पी हळद अन् हो गोरी! मध्यंतराला प्रेक्षकांचा अर्धा स्टँड कॉफी प्यायला म्हणून उठला तो परत फिरकलाच नाही. मी बसले शेवटपर्यंत. माझ्या शेजारी नॉर्वेहून आलेले पाहुणे पाद्री होते. म्हणाले, "बाई, चेंडू हातात धरून पळतात, मग याला फुटबॉल का म्हणता?" मी म्हटलं, "पाद्रीबाबा, आज नको."

चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, लाइल रुस्टाड नावाचा पोरगा आहे. उत्तरेकडच्या गायीगुरांच्या शेतावरचा. काठीला कपडे घातल्यासारखा. तो माझ्याकडेच भाड्याने राहतो, वरच्या तुझ्या खोलीत. तोंड वाकडं करू नकोस, तू काय तिथे झोपायला येणार होतास? काल सामना संपल्यावर मागच्या गल्लीने घरी आला, मेन स्ट्रीटवरच्या कॅफेसमोरून जायला नको म्हणून. मी जेवायला विचारलं, नको म्हणाला. पुन्हा विचारलं, तरी नको. बहुतेक माझा स्वयंपाक आवडत नसावा.

टचडाउन नाही, म्हणजे उद्या पाई नाही. प्रोहास्काला आईचा नियम मलाच समजावून सांगावा लागला. म्हटलं, पोरांनी चेंडू कवटाळून शेवटची रेघ ओलांडली, टचडाउन झाला, की दर टचडाउनला चर्चमधल्या बायकांचं मंडळ सफरचंदाची एक पाई भाजतं आणि सोमवारी सरावानंतर पोरांना नेऊन देतं. तो म्हणाला, "आणि सामना हरलो तर?" म्हटलं, हरा नाहीतर जिंका, पाईचा संबंध रेघेशी आहे. बिचाऱ्याचे डोळे चमकले. त्याला पाई आवडते.

१२ ऑक्टोबरला होमकमिंग आहे. जुने विद्यार्थी सगळे येतील. तूही ये की.

तुझी,
बोर्गी


मेसा, ॲरिझोना
२२ सप्टेंबर

प्रिय बोर्गी,

तुझं पत्र पेटीतून काढलं तर हाताला चटका बसला. इथलं ऊन म्हणावं की तुझा राग, कळेना.

तू म्हणतेस पोरं लहान आहेत. आम्ही काय म्हातारे होतो? डोक्याला चामड्याच्या टोप्या, अंगात आईने उसवून पुन्हा विणलेले स्वेटर, आणि मैदानात शेजारच्या गायी. तरी टचडाउन व्हायचे. १९२४ साली शेवटच्या सामन्यात मी केला होता, तो आता गावात कुणाला आठवत नसेल, पण झाला होता. तुझ्या पोरांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. प्रशिक्षक पळाला, पोरं पळाली. अगं, मैदान तर तिथेच आहे ना?

आणि पाईचं म्हणशील तर आईचा नियम तो नियम. तिने कधी कुणाला फुकटची पाई दिली नाही, पोटच्या पोरालाही नाही. एकदा मी रेघेच्या अलीकडे वीतभर पडलो. वीतभर! सोमवारी तिने मला रिकामी थाळी दाखवली आणि हसली. पोरांना म्हणावं, रेघ ओलांडा, मग खा.

होमकमिंगला बोलावतेस, पण नको गं. उगाच तुझी धावपळ. वर माझ्या खोलीत तर पाहुणा बसवलायस. माझं इथे छान चाललंय. ऊन रोज मिळतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत. संत्री दारात पिकतात. बर्फ उपसायला लागत नाही. माणसाला आणखी काय हवं?

कात्रणं पाठवत जा.

तुझा,
सेल्मर


हॉलम
६ ऑक्टोबर

प्रिय सेल्मर,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, आणि तुझ्याकडे तर आता वाळवंटही आहे. रेघ ओलांडा म्हणे! तू एकदा ये आणि त्या वेस्टमार्क कॉलेजच्या संघातल्या रेड्यांसमोर उभा राहून दाखव, तुझ्या त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट.

आज माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय, तो का ते सांगते. चारही सामने हरलो, ते जाऊ दे. पण काल आपल्या पोरांनी पहिल्यांदा फळ्यावर आकडा लावला! टचडाउन नाही, फील्ड गोल. रेघेपर्यंत पोचता येईना म्हणून लांबूनच चेंडूला लाथ घातली, आणि तो दोन खांबांच्या मधून गेला. तीन गुण. सेल्मर, ती पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचली. छत्तीस–तीनने हरताना नाचली. मला रडू आलं.

आज चर्चनंतर मंडळाची बैठक. मी म्हटलं, बायांनो, उद्या पाई नेऊ या. तर आपल्या अध्यक्ष वर्ना गुलिक्सनबाई उठल्या. हो, तीच वर्ना, जिला तू टोबोगनच्या घसरगाडीवरून बर्फात पाडलं होतंस. म्हणाली, "टचडाउनचे सहा गुण, फील्ड गोलचे तीन. म्हणजे अर्धी पाई." आणि ठराव मंजूर झाला! अर्धी पाई! मैदानात पोरं तीस, आणि पाई अर्धी! मी विचारलं, "मग उरलेल्या अर्ध्या पाईचं काय?" तर म्हणे ती मंडळ कॉफीबरोबर खाईल. लाज वाटायला हवी. पोरांनी गुडघे फोडून घ्यायचे आणि अर्धा वाटा या घेणार, गाद्यांवर बसून! मी म्हटलं, "अर्धी पाई नेण्यापेक्षा मी मंडळ सोडते." वर्ना म्हणाली, "नियम तुझ्याच आईचा आहे, बोर्गिल्ड."  तिथून निघाले ते कॉफीचा कप हातात घेऊनच निघाले. मंडळाचा कप आता माझ्याकडे आहे आणि मी तो परत करणार नाहीये.

पोरांना अर्धी पाईही मिळाली नाही. मी गेल्यावर ठरावच बारगळला.

तुला हे सगळं हसण्यावारी वाटेल. पण काल रात्री लाइल जिन्यात बसला होता. सामन्याच्या आधी तो ओकतो, मला ऐकू येतं. म्हणाला, "मिसेस ट्वाइट, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी घरी जाईन. बहुतेक परत येणार नाही. तुम्ही खोली दुसऱ्या कुणाला देऊन ठेवा." मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "गावात मान वर करून चालता येत नाही. न्हाव्याकडे गेलो तर तोही गप्प होतो." अठरा वर्षांचं पोर, सेल्मर. चार शनिवार हरलं म्हणून शिक्षण सोडून जायला निघालंय. आणि त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा जण तेच बोलतायत. ही पोरं गेली तर पुढच्या वर्षी संघच उभा राहणार नाही.

त्यांना पाईची भूक नाही रे. गावातल्या कुणीतरी एकदा समोर येऊन म्हणावं, पाहिलं आम्ही, एवढंच.

शेवटचा सामना ९ नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर, वेस्टमार्कशी. होमकमिंगला नाही तर त्याला तरी ये. ओरडायला मला एक माणूस हवा आहे.

बोर्गी


मेसा
१४ ऑक्टोबर

प्रिय बोर्गी,

मंडळाचा कप परत कर. चोरीचा कप घेऊन नीतीच्या गोष्टी सांगू नयेत.

वर्नाचं काही चुकलं नाही. आमच्या वेळी फील्ड गोलला आई काहीच द्यायची नाही, वर्ना तरी अर्धी द्यायला निघाली होती. ती पहिल्यापासूनच काटेकोर. टोबोगनवरून मी तिला पाडलं नव्हतं, ती स्वतः पडली. मी फक्त वळलो.

पोरगा जातो म्हणतो तर जाऊ दे. ज्याला हरण्याची लाज वाटते तो टिकत नाही, आणि ज्याला वाटत नाही तो जिंकत नाही. हे वाक्य मी आत्ताच जुळवलं, पण बरं जमलंय.

९ नोव्हेंबरला यायचं म्हणतेस. कशाला गं. गुडघे पार गेलेत, बसमध्ये दोन दिवस बसवत नाही. शिवाय थंडी. मी आपला इथे बरा आहे. संध्याकाळी साडेचारलाच कॅफेटेरियात जेवायला जातो, लवकर गेलं की स्वस्त पडतं आणि गर्दीही नसते. खरं तर कुणीच नसतं.

होमकमिंगचं काय झालं ते लिही. कात्रणात फक्त आकडे असतात.

सेल्मर


हॉलम
२१ ऑक्टोबर

सेल्मर,

कात्रण मुद्दाम पाठवत नाही. होमकमिंगला काय झालं ते पेपरवाल्याने छापलं नाही, छापायला तोंड नव्हतं.

हुर्यो उडवली. आपल्याच माणसांनी, आपल्याच पोरांची. बाहेरगावचे जुने विद्यार्थी, फरच्या कोटातले, कॉलेजच्या नावाची टोपी घालून बसलेले, आणि लाइलच्या हातून चेंडू निसटला की हूऽऽ करत होते. माझ्यापुढच्या बाकावर दातांचे डॉक्टर स्टेन. "घरी जा, दूध काढ!" असं ओरडले. एकदा नाही, सारखं. मी बसायची गादी उचलली आणि त्यांच्या टोपीवर घातली. ते वळून म्हणाले, "मिसेस ट्वाइट, तुमच्या तोंडात माझीच कवळी आहे!" मी म्हटलं, "कवळी तुमची असेल, तोंड माझं आहे, आणि दूध काढणाऱ्यांच्याच पैशावर तुमचा दवाखाना चाललाय!" आजूबाजूचे हसले. पण पोराने ते 'दूध काढ' ऐकलं होतं. मी त्याचं तोंड पाहिलं.

मग मी ठरवलं, खड्ड्यात गेलं मंडळ. रविवारी दिवसभर खपून आपल्या झाडाच्या सफरचंदांच्या सहा पाई केल्या. सोमवारी शेजाऱ्याच्या गाडीतून कॉलेजच्या खाणावळीत घेऊन गेले. पोरं सरावाहून आलेली, केस ओले, नाकं लाल. पाई टेबलावर मांडल्या. म्हटलं, घ्या रे.

लाइल उठून उभा राहिला. "नको, मिसेस ट्वाइट. आम्ही अजून कमावली नाही." बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी म्हटलं, "अरे, कमावण्याचं कसलं घेऊन बसलात, खा!" तर सगळे खाली बघून पुटपुटले, "नको, खरंच नको, तुम्हाला उगाच त्रास."

एकट्या प्रोहास्काच्या हातात काटा होता. तोंड भरलेलं होतं. त्याला तर मी विचारलंही नव्हतं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! दिवसभर कणीक मळून माझे हात सुजले, साऱ्या गावाशी वैर घेतलं, ते कुणासाठी? या दीडशहाण्यांसाठी! पाच पाई उचलल्या, सहावी प्रोहास्काने उष्टी केली होती ती त्यालाच ठेवली, आणि सरळ टॉलेफसनच्या डुकरांना नेऊन घातल्या. डुकरांनी नको म्हटलं नाही.

लाइलशी मी आठवडाभर बोललेले नाही. जिन्यावर भेटला की तो भिंतीकडे बघतो आणि मी छताकडे. जायचंय ना त्याला, जाऊ दे. तुझंच खरं.

बोर्गी


मेसा
२६ ऑक्टोबर

बोर्गी,

किती वेळा विचारलंस?

पत्र मी तीनदा वाचलं. "घ्या रे," ही एक. "खा," ही दोन. आणि मग उचलून चालती झालीस! अगं, तुझं वय काय, तू वाढलीस कुठे? पहिलं नको म्हणजे आपण हावरट नाही. दुसरं नको म्हणजे समोरच्याला त्रास नको. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस म्हणतो, "बरं, थोडीशी चालेल," आणि अर्धी पाई संपवतो. आईच्या टेबलाशी यापेक्षा वेगळं कधी झालं होतं का? ती पोरं कुणाची? रुस्टाड, टॉलेफसन, ब्रेक्के. सगळी आपल्यासारख्याच नॉर्वेजियन घरांतली. प्रोहास्का बोहेमियन, त्यांच्यात ताट पुढे आलं की जेवतात, आणि मला आता वाटतं तेच शहाणे आहेत.

आपल्यात दोनदा विचारून थांबणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं? याचा अर्थ, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात ते बरंच झालं. तोंडावर दार लावून घेण्यासारखंच आहे ते. त्या पोरांनी पाच पाई दारातून बाहेर जाताना पाहिल्या. त्यांना काय वाटलं असेल, विचार कर. भुकेली पोरं, बोर्गी! आणि तू सफरचंदाची पाई डुकरांना घातलीस!

मला राग आलाय. या वर्षी पहिल्यांदाच इतका राग आलाय, आणि तो तुझा आलाय.

सेल्मर


हॉलम
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय सेल्मर,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी स्वतःला. मग जिन्याखाली उभी राहिले आणि वर ओरडले, "लाइल, खाली येऊन जेवतोस का?" तो म्हणाला नको. मी म्हटलं, "बटाटे आहेत, मांसाचे गोळे आहेत, ये." म्हणाला, "खरंच नको, मिसेस ट्वाइट." मी कठडा घट्ट धरला आणि म्हटलं, "लाइल, जेवतोस का?"  मग म्हणाला, "थोडंसं चालेल." सेल्मर, त्याने पातेलं पुसून खाल्लं! सप्टेंबरपासून पोरगा माझ्या डोक्यावर राहून अर्धपोटी झोपत होता आणि मी समजत होते त्याला माझा स्वयंपाक आवडत नाही. तेव्हापासून रोज रात्री खाली जेवतो. रोज तीनदा विचारावं लागतं, पण विचारते.

आता शनिवारचं ऐक. आणि ऐकताना बसून घे.

वेस्टमार्क. वरून गारांसारखा पाऊस, मैदानाचा नुसता चिखल. स्टँडमध्ये आम्ही मूठभर माणसं. वर्ना गुलिक्सन पहिल्या रांगेत प्लॅस्टिकची टोपी हनुवटीखाली बांधून ताठ बसलेली. ती हजर असतेच, पण टाळी वाजवत नाही. शेवटचा डाव आला तेव्हा सत्तावीस–शून्य झालेले. आख्ख्या मोसमात एकही टचडाउन नाही, आणि आता घड्याळही संपत आलेलं.

लाइलने चेंडू घेतला, फेकण्यासाठी हात मागे नेला, समोरचे सगळे रेडे हात वर करून उडाले, आणि पोराने फेकलाच नाही! पोटाशी धरला आणि पळाला. चिखलात घसरला, उठला, एकाने शर्ट धरला तो तसाच फाटू दिला आणि पळाला. मी बाकावर चढले होते, या वयात. ओरडत होते ते मला माझंच ऐकू येत नव्हतं. आणि त्याने रेघ ओलांडली, सेल्मर! दोन्ही पायांनी, चेंडूसकट, आणि पुढे जाऊन तोंडावर आपटला. बाकीची पोरं त्याच्यावर पडली. प्रोहास्काने टोपी आकाशात फेकली, ती अजून सापडलेली नाही.

आणि मग पंचाने फेकला तो मेला पिवळा रुमाल, नियम मोडला म्हणून.

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला आपल्या एका पोराने त्यांच्या एकाचा शर्ट धरला होता म्हणे. जिथे चेंडू नाही, जिथे कुणी बघत नाही, तिथे! लाइलचा शर्ट फाटून लोंबत होता तो त्या पंचाला दिसला नाही. टचडाउन रद्द. चेंडू मागे आणा. मागे आणला, तोवर वेळ संपला. सामना संपला. मोसम संपला. शून्य.

मी कठड्यावर जाऊन त्या पंचाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, पाद्रीबाबा मागेच उभे होते. ते म्हणाले, "बाई, आज मात्र माझ्याही वाटचं ओरडा." वळून पाहिलं तर वर्नाची जागा रिकामी. मी मनात म्हटलं, गेली, नियम घेऊन घरी गेली.

त्या रात्री लाइलने पेटी काढून पलंगावर ठेवली.  मलाही वाटलं, जा बाबा. या गावाची तुला ठेवून घ्यायची लायकी नाही.

काल सोमवार. प्रोहास्काने पोरांना खाणावळीत शेवटचं एकत्र जेवायला बोलावलं होतं, मलाही. ताटं नुकतीच मांडली होती. तेवढ्यात दार उघडलं आणि वर्ना आत आली, मागे मंडळाच्या सगळ्या बाया, चर्चला जायच्या टोप्या घालून. वर्नाच्या हातात पाई.

एक. एकच पाई, सेल्मर. माझं तर डोकंच फिरलं. तीस पोरं, साऱ्या मोसमाची उपाशी, आणि एक पाई! मी उठणारच होते, तर तिने ती लाइलपुढे ठेवली आणि म्हणाली, "शनिवारची."

लाइल लाल झाला. म्हणाला, "नको, मिसेस गुलिक्सन. तो मोजला नाही."

वर्ना म्हणाली, "मी पहिल्या रांगेत होते. तू रेघ ओलांडलीस ते मी पाहिलं. बोर्गिल्डच्या आईचा नियम आहे, रेघ ओलांडली की पाई. पंचाने हो म्हटलं की पाई, असं ती कधी म्हणाली नव्हती. पंच आमच्या मंडळाचा सभासद नाही. घे."

"खरंच नको," लाइल म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते.

झालं. वर्ना पुन्हा विचारेना. तुला माहीत आहे ती कशी आहे, तिने आयुष्यात कुणाला दोनदासुद्धा विचारलं नसेल. थाळी परत उचलायला तिचा हात पुढे गेला. मी टेबलाच्या त्या टोकावरून ओरडले, "लाइल रुस्टाड! पाई घेतोस का?"

सगळी खाणावळ त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "थोडीशी चालेल."

असा हशा झाला म्हणून सांगू! मग वर्नाने स्वतः सुरी घेतली आणि एका पाईचे तीस तुकडे केले, कागदाएवढे पातळ, सगळे सारखे. तिच्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. बाया रांगेने गेल्या आणि एकेका पोराच्या ताटात एकेक तुकडा ठेवून म्हणाल्या, "पाहिलं हं आम्ही." बस्स, तेवढंच. मोठमोठी पोरं नाकं ओढत तो कागद चघळत होती. मी सहा नेल्या तेव्हा एकालाही घास उतरला नव्हता. ही त्यांची होती. प्रोहास्काला मात्र तुकडा आला नाही, त्याने रेघ ओलांडली नव्हती. त्याला सुरी चाटायला दिली.

मंडळाचा कप मी परत केला. वर्नाने तो आधी उजेडात धरून टवका उडालाय का पाहिलं, मग विचारलं, "सेल्मरचे गुडघे कसे आहेत?"

थंडी पडायला लागली. तुझं तिकडे बरं आहे.

तुझी,
बोर्गी


मेसा
२० नोव्हेंबर

प्रिय बोर्गी,

तुझं पत्र मी कॅफेटेरियात मोठ्याने वाचलं. वाढणाऱ्या मुलीला आणि साडेचारला जेवायला येणाऱ्या आणखी दोन म्हाताऱ्यांना. पिवळ्या रुमालापाशी आलो तेव्हा त्यातल्या एकाने टेबलावर मूठ आपटली आणि सूप सांडलं. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तो सॅन डिएगोचा आहे.

वर्नाला सांग, गुडघे ठीक आहेत. मागे वाईट आहेत म्हणून लिहिलं होतं, ते खोटं होतं.

आता एक विचारतो, आणि तू चिडणार आहेस. सप्टेंबरात तू लिहिलंस, होमकमिंगला ये. मी नको म्हटलं, तुझी धावपळ होईल. ऑक्टोबरात लिहिलंस, शेवटच्या सामन्याला ये. मी म्हटलं, कशाला गं. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली. मी पत्र आलं की आधी शेवट वाचतो. पहिल्याच्या शेवटी नव्हतं. दुसऱ्याच्या शेवटी होतं, "तुझं तिकडे बरं आहे."

बोर्गी, तू डुकरांची गोष्ट लिहिलीस तेव्हा मी इतका का भडकलो, ते तुला कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी त्याच टेबलाशी वाढलोय गं. माझी मर्टल देवाघरी गेल्यापासून इथे दिवसभर ऊन असतं आणि बोलायला कुणी नसतं. पेटी पलंगाखालून काढून दाराशी ठेवली त्याला महिना झाला. येताजाता तिला ठेचकाळतो.

एवढंच.

सेल्मर


हॉलम
३० नोव्हेंबर

गाढवा,

साठ वर्षं मला शिकवलंस आणि स्वतः महिनाभर दाराशी पेटी ठेवून वाट बघत बसलास! आणि मी तरी कसली शहाणी, पोराला रोज तीनदा विचारते आणि सख्ख्या भावाला दोनदा विचारून हात झटकून मोकळी!

सेल्मर, घरी ये. ही तिसरी. वर्ना इथे बसली आहे, ती म्हणते तिच्याकडून चौथी लिही, ठराव मंजूर आहे. नको म्हणायची तुझी पाळी संपली.

लोकरीचे मोजे आण. गुडघे खरंच वाईट असले तरी चालेल, तुझा पलंग खालच्या खोलीत लावला आहे. वरची मिळायची नाही. लाइल थँक्सगिव्हिंगला घरी गेला, पण चिखलाचे बूट पलंगाखालीच ठेवून गेलाय. म्हणाला, सोमवारी येतो, तोपर्यंत हलवू नका.

बोर्गी